‘मिस्टरांना घेऊन या’

आज परत तेच. अर्धा दिवस सुट्टी टाकून बँकेत गेले होते, नौपाड्यातली एक शाखा, नाव लिहीत नाही. मुलाचं खातं उघडायचं होतं. आजोबांनी जाताना त्याच्यासाठी ठेवलेले थोडे पैसे आहेत, ते त्याच्या नावावर टाकायचे, एवढंच काम. आधार, पॅन, जन्माचा दाखला, फोटो, लाईटबिल, सगळं फाईलमध्ये लावून नेलेलं. पालक म्हणून माझी सही. समोरच्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, मॅडम, वडिलांची सही लागेल, मिस्टरांना घेऊन या ना एकदा, पाच मिनिटांचं काम आहे.

म्हटलं ते आर्मीत आहेत, सध्या फील्डला आहेत. तर म्हणे अरे वा, आर्मीत, खूप अभिमान वाटतो हां, मग सुट्टीवर आले की या. नाहीतर व्हिडिओ कॉल लावा, मी बोलतो त्यांच्याशी.

डोकंच फिरलं माझं. फॉर्म उचलला आणि बाहेर आले. ऑफिसला जाताना रिक्षात रडले पण, खोटं कशाला बोलू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फील्ड पोस्टिंग म्हणजे फॅमिली सोबत नेता येत नाही. पीस स्टेशनला, म्हणजे जिथे फॅमिली नेता येते तिथे, बदली झाली की क्वार्टरसाठी नंबर लागतो, तो लागला की आम्ही ट्रंका उचलून जातो, पोरांची शाळा परत नवीन, परत नवीन पुस्तकं. ह्यावेळी मी ठाण्यातच राहिले कारण सासूबाईंचे गुडघे, माझी वागळे इस्टेटमधली नोकरी आणि मुलाची शाळा, तिन्ही इथेच. हे कुठे आहेत ते इथे लिहिणार नाही, कृपया कमेंटमध्ये विचारू नका. एवढंच सांगते की जिथे आहेत तिथे मोबाईलला रेंज नाही, खाली आले की फोन येतो, आणि तो कधी येईल ते त्यांनाही माहीत नसतं. मी अननोन नंबर सगळे उचलते. बहुतेक लोनवालेच असतात, तरी उचलते. आणि बँकवाले मला म्हणतात व्हिडिओ कॉल लावा.

गेल्या पावसाळ्यातलं सांगते, म्हणजे मला आज एवढा राग का आला ते कळेल. मुलगा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खेळताना पडला, कोपर मोडलं. शेजारच्या काकूंनी जुना पेपर जाड गुंडाळून हाताखाली दिला आणि माझ्या ओढणीने बांधला, तशीच त्याला मांडीवर घेऊन रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलला नेलं. लोक म्हणतात तुम्हाला काय, मिलिटरी हॉस्पिटल असतं. असतं ना, कुलाब्याला अश्विनी आहे. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, सायनला रुळांवर पाणी, गाड्या बंद, आणि कळवळणारं पोरगं मांडीवर. कशी जाणार होते मी कुलाब्याला?

डॉक्टर म्हणाले लगेच ऑपरेशन करू, तारा घालाव्या लागतील, सूज वाढतेय. मी म्हटलं करा. पण काउंटरवर फॉर्म आला आणि तिथल्या माणसाने विचारलं, वडील कुठायत, सही त्यांची हवी, भूल द्यायचीय. मी आई आहे, मी इथे उभी आहे, नऊ महिने पोटात वाढवलंय मी त्याला, सही करायला मी चालत नाही? म्हणे नियम आहे मॅडम, निदान फोनवर तरी बोलणं करून द्या.

आता मान्य करते, डॉक्टरांना मारहाण होते हल्ली, कागद पक्के लागतात. बँकेतपण फसवणुकी होतात, नवरा-बायकोच्या भांडणात पोराच्या खात्यातले पैसे काढून नेलेले प्रकार असतील. असतील. पण म्हणून प्रत्येक आईकडे चोरासारखं बघायचं का?

त्या रात्री शेवटी मी युनिटच्या रिअरला, म्हणजे त्यांच्या तुकडीच्या मागे राहिलेल्या ऑफिसला, फोन केला. जे मला अजिबात करायचं नव्हतं ते केलं. आमच्यात हे पहिल्या वर्षीच शिकवतात, कोणी पुस्तकातून नाही, बाकीच्या बायकाच सांगतात. मला एका सुभेदार साहेबांच्या मिसेसने सांगितलेलं, ते पोस्टवर असले की घरची वाईट बातमी अर्धीमुर्धी पोचवायची नाही, निभावलं की मग सांगायचं, तिथे डोकं शांत पाहिजे. म्हणून गॅस संपला, सासूबाई पडल्या, पोराला डेंग्यू झाला, सगळं मी निस्तरून मग सांगते. हसत सांगते. आणि त्या रात्री एका सहीसाठी मला निरोप पाठवावा लागला की मुलाचं ऑपरेशन आहे, घरी फोन करा.

निरोप वायरलेस सेटवरून वर पोस्टवर गेला. फोन करायची सोय तिथे नव्हती. म्हणजे ह्यांना एवढंच कळलं, मुलाचं ऑपरेशन आहे. कसलं, का, कुठे, जिवावरचं आहे की काय, काहीच नाही.

इकडे शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर आल्या, तरुण होत्या, त्यांनी फॉर्म घेतला, वडील लिहिलेलं खोडलं, वर पेनाने आई लिहिलं आणि मला म्हणाल्या करा सही ताई, मी बघते. दोन मिनिटांत पोरगं आत गेलं. म्हणजे चालत होती ना माझी सही? मग आधीचा तास-दीड तास कशासाठी घालवला? त्या मॅडमना मी आजही मनातून नमस्कार करते.

बरं, कायदा काय सांगतो? माझी मैत्रीण वकील आहे, आज संध्याकाळी तिच्याशी बोलले तर तिने मला थक्क केलं. मुलाच्या बचत खात्याला आणि एफडीला आई पालक म्हणून चालते, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना १९७६ मध्येच कळवलंय. १९७६! माझा जन्मपण नव्हता. आणि गीता हरिहरन यांची केस तर अगदी माझ्यासारखीच. मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला त्यांनी पालक म्हणून सही केली, अर्ज परत आला की वडिलांची सही आणा. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९९९ मध्ये निकाल लागला की वडील लांब राहतात म्हणून मुलाकडे बघू शकत नसतील तर वडील हयात असतानाही आई कायदेशीर पालक असते. अजून काय पाहिजे? आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं केलंय, त्याचं सगळ्यांनी किती कौतुक केलं, मीपण केलं. नाव लावलंत, मग सही का चालत नाही?

आणि हे फक्त आमचं नाही. ज्यांचा नवरा मर्चंट नेव्हीत आहे, दुबईत आहे, ज्या एकट्या आहेत, ज्यांना सोडून गेलेत, त्यांनी कोणाला घेऊन यायचं काउंटरवर? माझे हे निदान सुट्टीवर तरी येतात.

सोसायटीत २६ जानेवारीला मला पुढे बोलावून शाल-श्रीफळ देतात. प्रेमाने देतात, मी घेते, सासूबाईंचे डोळे भरून येतात. पण पार्किंगच्या विषयावर मीटिंगमध्ये मी बोलायला उठले की तेच लोक म्हणतात वहिनी, भाऊ आले की बोलू. हे मला सहन होत नाही. तुम्हाला खरंच ह्यांचा अभिमान असेल तर ह्यांनी घर ज्या माणसाच्या भरवशावर सोडलंय त्या माणसाचं ऐका ना. ते तिकडे उभे राहू शकतात कारण इकडे सगळं मी बघते हे त्यांना माहितीये.

हे सुट्टीवर आले तेव्हा मुलाच्या कोपरावरचा व्रण बराच वेळ बोटाने चाचपत बसलेले. मग बोलले, एरवी बोलत नाहीत. त्या रात्री दोन वाजता त्यांची ड्युटी होती, बरोबरच्या नाईकने जबरदस्तीने त्यांना बसवून स्वतः केली, चहा करून दिला, आणि सकाळी दुसरा निरोप पोचेपर्यंत दोघं काही न बोलता बसून होते. मला म्हणाले, तू कळवायला नको होतंस असं नाही गं, पण अर्धंच कळलं ना. काय उत्तर देणार मी? मला कळवायचंच नव्हतं. मला ते कळवायला लावलं.

म्हणून माझ्या लिस्टमध्ये जे बँकेत, शाळेत, हॉस्पिटलच्या काउंटरवर काम करतात, आणि तुम्ही बरेच आहात, त्यांना हात जोडून सांगते. वडिलांना आणा म्हणण्याआधी एकदा तुमचा नियम खरंच काय आहे तो काढून वाचा. नसेल माहीत तर आत साहेबांना विचारून या, आम्ही थांबतो, आम्हाला थांबायची सवय आहे.

मी सोमवारी परत जाणार आहे त्याच शाखेत. मैत्रिणीने अर्ज लिहून दिलाय, त्यात १९७६ चा उल्लेख आहे आणि निकालाचापण. नाही म्हणाले तर कारण लेखी द्या म्हणणार आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. तुमच्यापैकी कोणी आईच्या एकटीच्या सहीवर मुलाचं खातं उघडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, कुठले कागद दिले आणि कोणाशी बोललात तेपण लिहा. मला सोमवारच्या आत हवंय.