वॉचमनच्या केबिनमधली किल्ली

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून गाडी कशी कोण जाणे व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनवर घसरली, म्हणजे मेसेज फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल अशा कुलपावर. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर सरकारकडे एक किल्ली असायला काय हरकत आहे?" हेच काका गेल्या महिन्यात घराची डुप्लिकेट किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायला तयार नव्हते!

वर आणखी, "न फुटणारं कुलूप नसतंच." असतं हो. वन-टाइम पॅड, निरोप गुप्त करायची एक पद्धत. गणितज्ञ क्लॉड शॅननचा त्यावरचा सिद्धांत १९४९ साली छापून आलाय. किल्ली निरोपाइतकी लांब हवी, निव्वळ रँडम हवी आणि एकदाच वापरायची. दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलीत सोव्हिएत पॅडची काही पानं दोनदा छापली गेली आणि अमेरिकेने निरोप वाचले. गणित शाबूत होतं, छपाई नडली.

रोजच्या वापरातलं एईएस-२५६ नावाचं कुलूप असं न फुटणारं म्हणून सिद्ध झालेलं नाही, कबूल. पण त्याच्या शक्य किल्ल्यांचा आकडा ७८ अंकी आहे. डीईएस नावाच्या जुन्या कुलपाची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे ५६ शून्य-एकांची; ती १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्राने एकेक किल्ली लावून बघत तीन दिवसांच्या आत शोधली. त्या वाटेने २५६ बिटांना हात लागत नाही. म्हणून तर सगळ्यांना केबिनमधली किल्ली हवी असते.

ग्रीसमध्ये काय झालं? मोबाइल एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी तीच गुपचूप वापरून शंभरावर फोन ऐकले, खुद्द पंतप्रधानांचासुद्धा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेलिकॉम कंपन्यांच्या टॅपिंग यंत्रणेत चिनी हॅकर शिरले. केबिनचं दार उघडं म्हटल्यावर चोर मजले चढत बसेल कशाला?

आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांत मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या, अशी अट आहे. तीही एका अर्थी किल्लीचीच मागणी. पोलिसांची अडचण खरी आहे, नाही म्हणत नाही. पण त्यांनी संशयिताचा फोन रीतसर जप्त करावा. सगळ्या बिल्डिंगच्या किल्ल्या कशाला?

असो. चिडून उपयोग नाही. चॅट कुलूपबंद असलं तरी क्लाउडवरचा बॅकअप आपणहून तसा नसतो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, तिथे चालू करा. पासवर्ड ठरवायला सांगेल किंवा ६४ अंकी किल्ली तयार करून देईल. ती हरवली तर व्हॉट्सॲपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा.

काका, तुम्हीसुद्धा. केबिनमध्ये नको.