पायपुसण्यावरचा चौक

संज्याच्या वास्तुशांतीला कैलास दारातच थबकला. पायपुसण्यावर वारली चित्र होतं. त्यावर पाय न ठेवता तो कडेने आत गेला. तेव्हा कोणीच काही बोललं नाही. परवा कट्ट्यावर चहा आल्यावर संज्यानेच विषय काढला.

"साधं पायपुसणं रे. एवढं काय लागलं तुला?"

"त्यावर चौक होता." कैलास डहाणूकडचा, स्वतः वारली. "आमच्यात लग्नाला गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढतात. आत पालघट देवी असते. तुझ्या देव्हाऱ्यातली देवी कोणी पायपुसण्यावर छापली तर चालेल?"

संज्या गप्प झाला. मनीषा चित्रकला शिकवते, ती म्हणाली, "मग मी मुलांना वारली शिकवायचंच नाही?"

"शिकव की! तारपा नाच काढा, भातलावणी काढा. जिव्या सोमा म्हसे यांनी बायकांची ही कला पुरुष असून हाती घेतली, कागदावर आणली, जगभर नेली. २०११ला पद्मश्री मिळाली त्यांना. फक्त मुलांना सांग, ही कोणाची आहे ते."

मंग्याला पटेना. "घेणं-देणं चालायचंच. पेटी फ्रान्समधून आली, आज तिच्याशिवाय कीर्तन होतं का?"

मुद्दा बिनतोड वाटला, पण मला तो इथे लागू वाटत नाही. पेटी आपण घेतली म्हणून तिकडे कोणाची चूल विझली नाही. शिवाय आपण तिला देवासमोर बसवलं. चौकाला आपण दाराबाहेर टाकलं, पाय पुसायला.

"आणि जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे ना वारलीला?" संज्याने विचारलं.

"२०१४पासून आहे. पण यंत्रावर हजारो चादरी छापणाऱ्याला कोण अडवतं? पाड्यावर बांबूच्या काडीने दिवसदिवस रेघा ओढणाऱ्याशी मात्र शंभर रुपयांसाठी घासाघीस."

हे मला फार लागलं. माझ्याकडे दोन वारली कुर्ते आहेत. ते हाताने रंगवलेत की छापलेत, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

मंग्या अजून अडूनच होता, एकदा बाजारात आलं की गिऱ्हाईकाची मर्जी. कैलासने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

संज्या हळूच म्हणाला, "हॉलची भिंत रिकामी आहे. तुमच्याकडचं कोणी येईल काढायला?"

"येईल. चौक मागू नकोस. आणि भाव पाडू नकोस."