काईट, काटा आणि जावईबापू

94 किलो 700 ग्रॅम. हा आकडा सध्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अख्ख्या बोळाला पाठ आहे, आणि तो मी कुणालाही सांगितलेला नाही.

तर झालं काय, मला काईटसर्फिंगचं सामान घ्यायचंय. पाण्यात फळीवर उभं राहायचं, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्यांना भलामोठा हवा भरलेला पतंग आणि बाकीचं वारा बघून घेतो, तो खेळ. सोलापुरात राहून हे खूळ कुठनं आलं ते विचारू नका, घरचे रोज विचारतात तेवढं बास आहे. नवा काईट, म्हणजे तो पतंग, नुसता लाखाच्या पुढं जातो, बार म्हणजे दोऱ्यांचा हातात धरायचा दांडा, हार्नेस म्हणजे तो कमरेचा पट्टा, आणि बोर्ड वेगळंच, म्हणून जुनं बघत होतो. ओळखीच्या ओळखीतनं पुण्याचा एक आयटीवाला मिळाला. तो अधिक महिन्याचे धोंडे खायला सासरी येणार होता आणि सासर निघालं आपल्या सोलापुरातलंच, यंत्रमागवाल्यांच्या बोळात. येताना गाडीत टाकून आणतो म्हणाला, गच्चीवर पसरू, बघून घ्या.

पुढं जायच्या आधी एक तक्रार करूनच घेतो. ह्या खेळात नवशिक्यानं कमी पैशात कसं भागवावं हे सांगायला जो तो तयार असतो. काय सांगतात, तर काईट जुना घ्या पण फार जुना नको, 2005 च्या आधीचा तर फुकट दिला तरी नको, कारण त्या काळच्या काईटची ओढ ऐन वाऱ्यात नीट कमी करता यायची नाही. बारवर पैसे वाचवू नका, तुमची सुटका त्यावर आहे. हार्नेसवर वाचवू नका, कंबर जाईल. हेल्मेटवर वाचवायचं तर बोलूच नका. इम्पॅक्ट वेस्ट, म्हणजे आपटल्यावर मार कमी लागावा म्हणून अंगात घालायचं जाकीट, पाहिजेच. मग वाचवायचं कशावर हो? पंपावर? आणि ह्या सगळ्याच्या आधी म्हणे शिकून या. ते बरोबरच आहे, न शिकता काईट हातात धरणं म्हणजे आपले हाल आणि किनाऱ्यावर उभ्या माणसांचेही, पण शिकायला जायचं कुठं तर रामेश्वरम्. झालं. आईनं अख्ख्या सोसायटीत सांगितलं, पोरगा रामेश्वरला चाललाय. देवघरातनं काशीच्या गंगेचं सीलबंद भांडं काढून दिलं, तिथं ओत म्हणाली, येताना वाळू आण. शेजारच्या काकूंनी अभिषेकाचे 501 रुपये हातात ठेवले. मी तिथं समुद्रात तोंडावर आपटायला चाललोय हे सांगायची आता काही सोय राहिलेली नाही.

असो. गच्ची.

मे महिन्याचं ऊन, सकाळी साडेनऊलाच फरशी चटके देत होती. जावईबापूंनी पिशवी उघडली, काईट काढला, पंप लावला. आणि तेवढ्यात जिन्यातनं त्यांचे सासरे वर आले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात काढलेला माणूस, बनियन, लुंगी, गळ्यात दोरीला अडकवलेलं धागे मोजायचं भिंग. ते भिंग बघूनच मी समजायला पाहिजे होतं.

"किती मीटर?" मास्तरांनी विचारलं.

"नऊ," जावई म्हणाले.

"लांबी का पन्हा?"

"चौरस मीटर, बाबा."

"मग चौरस म्हणा की. कापडाच्या धंद्यातलं घर हाय आपलं."

मग ते खाली बसले. काईटच्या कापडावर भिंग ठेवलं, एक डोळा मिटला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. शेजारच्या गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायकाही थांबल्या. काईटचं कापड रिपस्टॉप असतं, म्हणजे बारीक विणीत ठराविक अंतरावर जाड धाग्याच्या चौकटी, फाटलं तरी चीर चौकटीपाशी अडते. मास्तरांना हे कुणी सांगायची गरज पडली नाही, त्यांनीच आम्हाला सांगितलं, वर ताणा किती बाणा किती तेही सांगितलं, आणि मग वजनाचा अंदाज घेत म्हणाले, "मीटरला पन्नास ग्रॅम. एवढ्यात आमचा रुमालसुद्धा होत न्हाई."

मग कापडाचा कोपरा मुठीत धरून चुरगाळला आणि कान लावला. इथं मात्र मी चाट पडलो, कारण जुना काईट तपासायची हीच खरी रीत आहे. नवं कापड कडक भाकरीसारखं कुरकुरतं, उन्हानं मेलेलं कापड गप्प पडून राहतं.

"मेलंय," मास्तर म्हणाले.

"बाबा, दोनच सीझन वापरलाय."

"जावईबापू, तुम्ही घरचे, तुम्हाला वाईट कशाला बोलू. पण कापड मेलंय."

जावयाचा चेहरा बघवत नव्हता. धोंड्याच्या जेवणाला बोलावलेला माणूस, चांदीच्या ताटलीत दिवा ठेवून ओवाळायचं बाकी, आणि सासरा गिऱ्हाईकासमोर मालाची इज्जत काढतोय, तेही अहो-जाहो करत. उलट बोलायची सोय नाही. मी आपला मनात किंमत पाच हजारांनी खाली आणत होतो, खोटं कशाला बोला.

काईट फुगवून ठेवला, फुगीर कड वाऱ्याकडं, पालथा, वर जुन्या चादरींची दोन गाठोडी. तासाभरानं हवा उतरते का बघायचं होतं, कारण आतल्या ट्यूबला सुईएवढं भोक असलं तरी पाण्यात मधोमध पतंगाची पिशवी होते. तोवर दोऱ्या बघू म्हणलं. दोऱ्या 22 मीटरच्या, गच्ची कुठली पुरायला, म्हणून बोळात उतरलो. चार दोऱ्यांची टोकं एका खांबाला आणि बार माझ्या हातात. चारही सारख्या ताणल्या की बार सरळ राहायला पाहिजे, जुन्या सेटमध्ये मधल्या दोन लांबतात कारण सगळा भार त्या ओढतात. मास्तर दोऱ्यांखालनं वाकून गेले, बोटानं एकेक टिचकी मारली, "मधल्या दोन ढिल्या, दोन बोटं." एवढं म्हणून खांबाशी गेले आणि मधल्या गाठी पुन्हा मारून दोऱ्या सारख्या करूनही दिल्या. तोपर्यंत बोळात गर्दी. एक पोरगं, "काय करलालेत बे हे?" दुसरं, "पतंग हाय, माणूस उडवलालेत." मागनं कुणीतरी, "ह्यांना?"

आमच्या जावईबापूंनी नको त्या वेळी बारची पट्ट्यात अडकवायची कडी दाखवत सांगितलं की हा चिकन लूप. दारातनं सासूबाई, "अगंबाई, अधिकात?"

इथपर्यंत ठीक होतं. मग मास्तरांनी विचारलं, "नऊ चौरस मीटर पुरतं का पण ह्यांना?"

जावई सरळ माणूस, बोलून गेले की काईटचं माप वजनावर असतं, मी 60 किलोचा, मला नऊ बरोबर बसतो.

"सर, तुमचं वजन?"

मी म्हणलं, असेल ऐंशी-पंच्याऐंशी.

मास्तरांनी काही उत्तर दिलं नाही. बंद पडलेल्या शेडचं शटर अर्धं उचललं. आत सुताची पोती तोलायचा लोखंडी काटा. मला हात धरून नेलं. मी चपला काढायला वाकलो तर म्हणाले, राहू द्या, पोतं धरूनच वजन करतो आपण, मग बारदान वजा. बोळ शटरपाशी गोळा झालेला. मास्तरांनी दांडीवरचं वजन सरकवलं, पुढं सरकवलं, अजून पुढं सरकवलं, आणि वर गच्चीकडं तोंड करून, माग चालू असताना बोलायची सवय असलेल्या आवाजात,

"94, 700! लिहून घ्या, जावईबापू!"

शेजारच्या गच्चीवरनं एक बाई तेलुगूत काहीतरी बोलली. मला तेलुगू येत नाही, हसू कळतं.

"मोबाईल आहे खिशात," मी म्हणलं.

"200 ग्रॅम," मास्तर म्हणाले. "साडेचौऱ्याण्णव धरू." आणि तिथंच शटरवर खडूनं त्रैराशिक मांडलं. 60 ला 9, तर साडेचौऱ्याण्णवला किती. आलं 14 ला थोडं जास्त. राग याचा आला की हिशेब बरोबर होता. तेवढ्याच वाऱ्यात जावयाला जो काईट ओढून नेईल तो मला जागेवरनं हलवायलाही मागंपुढं बघेल. बोर्डही लहान. हार्नेसचा पट्टा माझ्या पोटावर दोन्ही टोकांनी एकमेकांना लांबनं नमस्कार करून परत गेला. जावई हळूच म्हणाले, वारा जास्त असेल तेव्हा चालेल की नऊचा. मास्तर म्हणाले, गिऱ्हाईकाला वजनाला कमी माल द्यायचा न्हाई, आमच्या घरात झालं न्हाई ते. व्यवहार मोडला. माझा व्यवहार, माझे पैसे, माझं वजन, आणि मोडला कुणी तर मास्तरांनी.

जेवायला बसवलं, शेंगा चटणी, धोंडे, सगळं. ताटावर मास्तरांनी मुद्द्याचं विचारलं, "पण पाणी कुठाय?"

आता बघा, पाणी हाय की. हिप्परग्याचा तलाव इंग्रजांनी 1871 साली अडिला नदीवर बांधून पुरा केला, उजनीत शंभराच्या वर टीएमसी पाणी मावतं, पेपरात रोज येतं उजनी प्लसमध्ये का मायनसमध्ये, आणि आमच्या नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही पहाटे, तेही मोटर लावली तर. धरण भरून वाहत असलं तरी चौथ्या-पाचव्या दिवशी. ह्या गावात मी पाण्यावर खेळायचं म्हणतो म्हणून लोक हसतात, त्यांचंही काय चुकतं म्हणा, इथं पाणी बघितलं की माणूस आधी घागर शोधतो. पण मग पाणी पळवणाऱ्यांवर कुणी हसत नाही, ते एक वर्षानुवर्षं चाललंय.

मी काहीच बोललो नाही, धोंडा खाल्ला. मास्तरांनी दुसरा वाढला नाही, ते माझ्या लक्षात आहे.

जावई पुण्याला परत गेले, त्यांचा काईट कुणा सडपातळ माणसानं घेतला. माझा नंबर मात्र मास्तरांकडं राहिला. ते फोन करतात. आधी वजन विचारतात, मग धंद्याचं. काल म्हणाले, शेडमधला एक माग चालू करतो, नायलॉनचं सूत सुरतेहून मागवतो, साडेचौदा चौरस मीटर, डबल ताणा, फाटणार न्हाई, फक्त डिझाईन सांगा, आपल्याकडं मोराचं जकार्ड तयार हाय.

मी म्हणलं, मोर नको.