‘अपराधीपणाचं बी पेरणारी शाळा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मुलांचं मन निरोगी राहावं म्हणून आईवडील आणि कॅथलिक शाळा यांनी मिळून काय करावं यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर एक प्रतिक्रिया आली. ती आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी कुणाशी आणि कशाबद्दल बोलतेय ते सगळ्यांना कळेल.

“ताई, राग मानू नका, पण शाळेचं सर्क्युलर वाचल्यासारखं वाटलं. मुलाच्या मनात अपराधीपणाचं बी पेरणाऱ्या शाळेकडून तुम्ही भावनिक आरोग्याची अपेक्षा करताय? सात वर्षांच्या पोराला पापं मोजायला लावतात ते लोक. शिवाय वर्गात एवढी मुलं, टीचरला एकेकाच्या भावना बघायला वेळ कुठे? बिगरख्रिस्ती मुलांचं काय? खरं तर पालकांना जबाबदारी शाळेवर ढकलायची असते, त्याला पार्टनरशिप हे गोंडस नाव. आणि परिषदेचं साल चुकलंय, तपासून लिहीत जा. अ‍ॅडमिशन पक्की झाली वाटतं?”

सालाचं मान्य. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, शिक्षणावरचा जाहीरनामा 28 ऑक्टोबर 1965 चा आहे, मी 1962 लिहिलं होतं, ते परिषद सुरू झाली ते साल. दुरुस्त केलंय, दाखवल्याबद्दल आभार. पण साल चुकलं म्हणून मुद्दा चुकत नाही. त्या जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलंय, आणि ते कमी पडले तर ती जागा भरून काढणं अवघड असतं असंही म्हटलंय. ‘जबाबदारी ढकलणं’ म्हणजे नेमकं याच्या उलट. तुम्ही साल तपासलंत, पुढची ओळही वाचली असतीत तर बरं झालं असतं.

आता ते शेवटचं वाक्य. माझा मुलगा त्या शाळेत चौथं वर्ष शिकतोय. अ‍ॅडमिशन केव्हाच झाली. मला कुणाला खूश करायचं नाही. ‘राग मानू नका’ म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी माझ्या हेतूवरच शंका घ्यायची, मग राग येणारच, आला. तीन रात्री मूल झोपल्यावर बसून लिहिलेलं असतं हो ते, आणि तुम्ही एका ओळीत त्याची दलाली करून टाकलीत. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा ना, नक्की सांगा. पण समोरच्याला विकत घेतलेलं समजूनच बोलायला लागलात तर त्याने उत्तर तरी कशाचं द्यायचं?

तरी देते, कारण तुमचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. ‘अपराधीपणाचं बी.’

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय आणि दर वेळी बोलणारे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. ‘मी वाईट वागलो’ ही एक गोष्ट आणि ‘मी वाईट आहे’ ही दुसरी. पहिली म्हणजे अपराधाची जाणीव, दुसरी म्हणजे स्वतःचीच लाज. मानसशास्त्रातही हा फरक जुना आहे, अमेरिकेतल्या हेलन ब्लॉक लुईस यांनी 1971 मध्येच तो नीट मांडलाय. पहिल्या गोष्टीतून मूल उठतं आणि जाऊन सॉरी म्हणतं, मोडलेलं जोडायला बघतं. दुसरीत ते तोंड लपवतं, खोटं बोलतं, नाहीतर उलट अंगावर येतं, कारण कृती बदलता येते पण आपण आख्खेच वाईट असलो तर काय बदलायचं? मूल वाढवायचं आणि त्याला पहिली जाणीवही होऊ द्यायची नाही असं तुमचं म्हणणं असेल तर मला ते पटत नाही. दुसऱ्याला लागलं तरी काहीच न वाटणारं मूल भावनिकदृष्ट्या निरोगी कसं?

आणि चर्चला हे कळत नाही असं समजू नका. कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ 1992 मध्ये आला त्यात 1767 व्या परिच्छेदात सरळ लिहिलंय की भावना मुळात चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात, आपण त्यांचं काय करतो त्यावर सगळं ठरतं. म्हणजे राग येणं पाप नाही, मत्सर मनात डोकावणं पाप नाही, भीती वाटणं तर नाहीच. हे एक वाक्य जरी प्रत्येक कॅथलिक घरात आणि वर्गात रोज बोललं गेलं ना तरी निम्मं काम होईल. अपराधीपणाचा अतिरेक हा तर आजारच, तेही चर्चला जुनं माहीत आहे. संत इग्नेशियस, ज्यांनी जेझुइट संघ काढला, ते स्वतः 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी असताना यात अडकले होते, सांगून झालेली पापं पुन्हा पुन्हा आठवून सांगायची, तरी समाधान नाही, जीव द्यावासा वाटेपर्यंत गोष्ट गेली. शेवटी त्यांनी ठरवलं की जुनं उकरून पुन्हा कबूल करायचं नाही, आणि त्यातून सुटले. त्यांच्या संघाच्या शाळांत आजही दिवसाअखेरी मागे वळून बघायला शिकवतात ते आभारापासून सुरू होतं, चुका नंतर येतात. ‘पापं मोजायला लावतात’ म्हणताना तुमच्या डोळ्यासमोर कुठला वर्ग होता मला माहीत नाही.

माझ्या डोळ्यासमोर कुठला आहे ते सांगते.

मी स्वतः सिस्टरांच्या शाळेत शिकले. चौथीत असताना शेजारच्या मुलीची नवी कंपासपेटी माझ्याकडून पडली आणि झाकणाची बिजागरी तुटली. मी घाबरून ती तशीच तिच्या दप्तरात सरकवली. दुपारी पकडलं गेलं, मला वर्गासमोर गुडघ्यावर उभं केलं आणि सगळ्या मुलींना विचारलं गेलं, ‘ही कशी मुलगी आहे?’ चाळीस जणी एका सुरात म्हणाल्या, ‘खोटारडी.’ तो सूर मला आजही ऐकू येतो. घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी वडिलांचा नियम होता, शाळेत एक मार तर घरी दोन. मग मी काय शिकले? मी चांगलं लपवायला शिकले. पुढची सहा वर्षं माझ्या डायरीत एकही शेरा आला नाही आणि सगळ्यांना वाटलं पोरगी सुधारली. तेव्हा मला त्या शाळेचं काय आणि कसं चुकलं ते तुमच्याकडून शिकायची गरज नाही, माझे गुडघे दुखलेत. पण ज्या परंपरेचं नाव ती शाळा सांगत होती त्याच परंपरेत डॉन बॉस्कोंनी, गरीब मुलांसाठी शाळा काढणाऱ्या इटलीतल्या धर्मगुरूंनी, 1877 मध्येच लिहून ठेवलंय की मुलाला शिक्षा चारचौघांत करू नये, सोबत्यांच्या मागे, एकट्यात समजवावं, आणि मारणं, कान ओढणं, त्रास होईल असं गुडघ्यावर बसवणं पूर्ण टाळावं. 1877! म्हणजे माझ्या वर्गात जे झालं ते कॅथलिक शिकवणीमुळे झालं नाही, ती शिकवण धाब्यावर बसवून झालं. आणि तेव्हा माझी शाळा आणि माझं घर यांची जी युती होती ना, मुलीविरुद्ध दोघं मिळून, तिला मी भागीदारी म्हणत नाही. हे मागच्या लेखातही लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

आता दुसरी गोष्ट. माझा मुलगा दुसरीत असताना त्याने मधल्या सुट्टीत एका मुलाला ढकललं, त्या मुलाची कोपर सोलवटली. संध्याकाळी डायरीत लाल पेनाने एकच ओळ, ‘कृपया भेटावे.’ मी रात्रभर भाषण तयार केलं, माझं मूल असं नाही वगैरे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्या छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसले तर टीचर तक्रार सांगायच्या आधी म्हणाल्या, “त्याला राग आला की घरी तुम्ही काय करता?” मला उत्तर देता येईना. कारण खरं उत्तर होतं, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडते. ते त्यांना सांगितलं तेव्हा माझा आवाज कापत होता. त्यांनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही. म्हणाल्या, आपण दोघी एकच वाक्य वापरू, इथे मी आणि घरी तुम्ही. वाक्य साधं होतं, “तुला राग आलाय, ते चालेल. ढकलणं चालणार नाही. आता काय करूया?” बास, एवढंच. महिनाभर शाळेत तेच आणि घरी तेच. त्याने त्या मुलाला सॉरी म्हणायचं कसं ते टीचरनी त्याच्याबरोबर बसून ठरवलं, वर्गासमोर नाही, कोपऱ्यात.

आणि घरी मला एक काम करायचं होतं जे मला सगळ्यात जड गेलं. धर्मशिक्षणाच्या त्या 1992 च्या ग्रंथात 2223 व्या परिच्छेदात म्हटलंय की आईवडिलांना आपल्या चुका मुलांपुढे कबूल करता आल्या तर ते मुलांना जास्त चांगलं वळण लावू शकतात. त्या रात्री अंथरुणावर मी त्याला म्हटलं, मी तुझ्यावर ओरडते ते चुकीचं आहे, मी पण प्रॅक्टिस करतेय. तो जरा वेळ छताकडे बघत राहिला आणि विचारलं, “तुला कोण बोलवतं भेटायला?” मी म्हटलं, देव बोलवतो. ते त्याला पटलं. ही भागीदारी म्हणून मी जे लिहिते ते हे आहे, यात सर्क्युलर कुठे दिसलं तुम्हाला? मुलाला दोन्ही ठिकाणी एकच भाषा ऐकू यायला हवी, नाहीतर ते दोन चेहरे करायला शिकतं, मी शिकले होते तसं.

डॉन बॉस्कोंचं उदाहरण मी उगीच देत नाही. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा त्यांचे वडील वारले, आईने वाढवलं. आणि पुढे तुरीनमध्ये रस्त्यावरच्या पोरांसाठी त्यांनी काम उभं केलं तेव्हा 1846 मध्ये ती आई, मार्गारेता, गावचं घर सोडून तिथे राहायला आली आणि 1856 मध्ये जाईपर्यंत त्या मुलांची आई झाली, कपडे शिवणं, स्वयंपाक, आजारपण सगळं. म्हणजे ज्या शिक्षणपद्धतीला आज जगभर सेलेशियन म्हणतात तिच्या पायात पहिल्यापासून एक आई आहे. 1884 मध्ये त्यांनी रोमहून पत्र लिहिलं त्यात म्हटलंय की मुलांवर प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलं पाहिजे. माझ्या वडिलांचं माझ्यावर प्रेम होतं, खूप होतं, मला ते तिशीत कळलं.

आता राहिलं पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं सांगून माफी घेणं, कारण ‘सात वर्षांच्या पोराला’ असं तुम्ही लिहिलंय. सात हे वय चर्चच्या कायद्यात समज येण्याचं वय म्हणून धरतात, बरोबर. माझा मुलगा सध्या पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची, तयारी करतोय, त्याआधी पहिलं पापनिवेदन असतं. परवा झोपताना म्हणाला, “एखादं पाप सांगायचं विसरलो तर?” माझ्या पोटात गोळा आला, कारण हाच प्रश्न मला त्या वयात पडला होता आणि मी कुणाला विचारला नव्हता, वहीच्या मागच्या पानावर यादी करून ठेवायचे आणि रोज तपासायचे. त्याला घेऊन रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर फादरांकडे गेले. फादर खाली वाकून म्हणाले, “मुद्दाम लपवलं नाहीस ना? मग विसरलेलंही माफ. आठवत बसू नकोस, जा खेळ.” तो गेला पण खेळायला. टीचरला हे मी सोमवारी सांगितलं आणि तयारीच्या तासाला त्यांनी तेच सगळ्या मुलांना सांगितलं, कुणाचं नाव न घेता. एका मुलाच्या मनातली भीती घरून चर्चमध्ये, चर्चमधून वर्गात गेली आणि वीसेक मुलांची मिटली. हेच बी म्हणत असाल तर मी रोज पेरेन.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. वर्गात मुलं जास्त असतात, टीचरवर लोड असतो, कोण नाही म्हणतंय? म्हणून तर घराने अर्धं उचलायचं. 1983 च्या चर्च कायद्यातलं 796 वं कलम शिक्षकांना सांगतं की पालकांचं ऐकून घ्या, त्यांच्या सभा भरवा आणि त्यांना मान द्या, आणि पालकांना सांगतं की शिक्षकांना जवळून साथ द्या. सभेला न जाता लोडवर बोलणारे मी खूप बघितलेत, तुम्ही त्यातले आहात असं म्हणत नाही. बिगरख्रिस्ती मुलांचा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे, इथे त्यात शिरत नाही, फक्त ‘राग चालेल, ढकलणं चालणार नाही’ हे कुठल्याही धर्माच्या मुलाला सांगता येतं एवढं म्हणते.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, तिथेच राहील. परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण माझी अ‍ॅडमिशन, माझा हेतू हे सोडून त्या एका वाक्यावर लिहा. आणि तुमच्या बाबतीत लहानपणी कुणी खरंच ते बी पेरलं असेल, आणि तुमच्या शब्दांवरून मला तसं वाटत राहिलंय, तर तेही लिहा. त्यावर मी भांडणार नाही.