मापं बरोबर, पेटीत पाणी

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आठवडाभर फिरतंय. त्यात म्हटलंय: मिलिटरी स्पेक, म्हणजे लष्करी माल कसा हवा ते सांगणारं तपशीलपत्र, ही मजबुतीची गॅरंटी, अमेरिकेनं 1994 मध्ये ते रद्द करून दर्जा घालवला, आणि 'परफॉर्मन्स स्टँडर्ड' (कसं बनवायचं ते नाही, वस्तूनं काय काम करायचं तेवढंच सांगणारं) म्हणजे कंत्राटदाराला मोकळं रान. पुराव्याला 'मिल-स्टँडर्ड-810' छापलेल्या मोबाइलचा फोटो.

गॅरंटीचं आधी. आमच्याकडे एकदा पत्र्याच्या पेट्यांचं काम होतं. पत्र्याची जाडी, रबर, रंगाचा थर, बोल्टची जागा, सगळं ड्रॉइंगमध्ये. इन्स्पेक्टरनं व्हर्नियर लावून एकेक माप पाहिलं आणि पास केलं. जुलैत पेट्या परत आल्या, आत पाणी! दोन बोल्टमधलं अंतर एवढं, की मध्ये झाकण फुगायचं आणि पाणी अडवणारं रबर, म्हणजे गॅस्केट, दबायचंच नाही. आमच्या फिटरला हे पहिल्याच पेटीत दिसलं होतं. पण एक बोल्ट वाढवला असता तर ड्रॉइंगबाहेर, म्हणजे माल रिजेक्ट. 'एक मीटर पाण्यात अर्धा तास, आत थेंब नको' एवढंच लिहिलं असतं, तर टाकीत पेटी बुडवून बोल्ट किती लागतात ते आम्हीच ठरवलं असतं.

सगळे स्पेक रद्द झाले, हेही खोटं. 29 जून 1994 ला अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला: आधी परफॉर्मन्स स्पेक वापरा, मापं-कृती सांगणारं मिलिटरी स्पेक हवंच असेल तर खास परवानगी घ्या. आजही दोन्ही चालतात. क्रमांकात 'पीआरएफ' असेल तर ते काम सांगतं, 'डीटीएल' असेल तर बारीकसारीक तपशील. आणि आदेशाला कारण होतंच. बिस्किटं आणि ब्राउनीचं लष्करी स्पेक 26 पानांचं होतं, बाप्पा!

अर्थात तपशील हवा तिथे हवाच. आपल्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तोफगोळ्यांची कवचं होतात. गोळा नळीत बसायचा तर माप म्हणजे मापच.

मोकळं रान? उलट 'साहेब, ड्रॉइंगप्रमाणेच केलंय' ही पळवाट बंद होते. पेटी गळली तर ती बनवणाऱ्याची. फक्त चाचणी ढिली लिहिली की नवी पळवाट निघते, आणि फॉरवर्डमधला मोबाइल नेमका त्याचाच नमुना आहे.

810 मध्ये मोबाइल कसा बनवावा हे नाहीच. ते चाचण्यांच्या पद्धतींचं पुस्तक आहे. कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनी ठरवते, अमेरिकी लष्कर कुणाच्या मोबाइलला प्रमाणपत्र देत नाही. 2008 च्या 'जी' आवृत्तीत 122 सेंटिमीटरवरून 26 वेळा पाडायचं, तेही काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर. वर हे 26 आपटे पाच नगांत वाटून घेतले तरी चालतात. उन्हाची चाचणी केलीच असेल असंही नाही, आणि नागपुरानं 2013 च्या मेमध्ये 47.9 अंश पाहिलेत.

सीताबर्डीच्या एका दुकानात मी विचारलं, "कोणती चाचणी केली, किती नगांवर? रिपोर्ट आहे का?" पोऱ्यानं खोका उलटा करून स्टिकर दाखवला.