प्रेक्षकाला चित्र बिघडवताही आलं पाहिजे

लाइव्ह डिजिटल आर्टच्या कार्यक्रमांत हल्ली ‘प्रेक्षकांचा सहभाग’ हमखास असतो. क्यूआर कोड स्कॅन करायचा, दिलेल्या रंगांतला एक निवडायचा, की भिंतीवरच्या प्रोजेक्शनमध्ये आपला ठिपका उमटतो. लोक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मला हे बघून वाईट वाटतं, कारण त्या ठिपक्यावाचून चित्राचं काहीच अडलेलं नसतं. एकही माणूस आला नसता, तरी ते जवळपास तसंच दिसलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. प्रेक्षकाला कलाकृती बिघडवता येत नसेल, तर ती घडवण्यातही त्याचा वाटा नाही.

एप्रिल २०१७ मध्ये रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर झालेला ‘प्लेस’ हा प्रयोग आठवा. १००० बाय १००० पिक्सेलचा कोरा कॅनव्हास आणि १६ रंग. एका वेळी एकच पिक्सेल रंगवायचा आणि पुढच्यासाठी काही मिनिटं थांबायचं. ७२ तासांत दहा लाखांहून जास्त लोक त्यात उतरले. एकट्याच्याने तिथे काहीच होण्यासारखं नव्हतं, आणि काढलेलं टिकवायचं तर पहारा द्यावा लागे. मग अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागली, गट पडले, तह झाले. जर्मनीचा झेंडा पसरत पसरत फ्रान्सच्या झेंड्यावर चढला, त्यावरून जुंपली, आणि अखेर दोघांच्या मधल्या जागेत युरोपीय संघाचा झेंडा आणि शांततेचं कबुतर आलं. हे कुणीही आधी ठरवलेलं नव्हतं! काही जण तर सगळा कॅनव्हास काळा करायला निघाले होते. मला तेही हवेत, कारण त्यांना अडवायलाच कितीतरी लोक एकत्र आले.

मग कलाकाराने करायचं काय? नियम घडवायचे, आणि ते फार अवघड काम आहे. ती थांबण्याची मिनिटं काढून टाकली असती, तर ज्याचा हात भरभर चालतो त्याचंच चित्र झालं असतं. २०२२ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा बॉट्सनी, म्हणजे माणसाऐवजी आपोआप पिक्सेल रंगवणाऱ्या प्रोग्रॅम्सनी, तो असमतोल दाखवूनच दिला.

राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराने २००० सालाच्या स्वागताला मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकाभोवती १८ सर्चलाइट लावले आणि त्यांचे झोत कसे वळवायचे हे वेबसाइटवरून कुणालाही ठरवू दिलं. प्रत्येक रचनेला ती करणाऱ्याच्या नावाचं स्वतंत्र वेबपान मिळे. तिथे लिहिलेल्या मजकुरावर सेन्सॉर नव्हता, त्यामुळे प्रेमकवितांच्या शेजारी राजकीय घोषणाही आल्या. सार्वजनिक चौकात एवढी मोकळीक द्यायला छाती लागते.

“लोक घाण करतील” ही भीती खोटी नाही. कुणा माणसावर गलिच्छ हल्ला होत असेल तर तो अडवलाच पाहिजे, आणि तो नियम सुरुवातीलाच जाहीर हवा. बाकी सगळं पडद्यामागे गुपचूप गाळत बसू नका. ते पुसायचा हक्क बाकीच्या प्रेक्षकांना द्या.

आणि श्रेय? शेकडो हात लागलेल्या कामाखाली एकच नाव झळकतं, ते मला पटत नाही. कोणती खूण कुणी, केव्हा केली हे सॉफ्टवेअरला नोंदवता येतं. ज्यांची हरकत नाही, त्यांची नावं लावा.

असं काही करणारे कुणी हे वाचत असतील, तर एक विनंती: पुढच्या वेळी पडदा पूर्ण कोरा ठेवून सुरुवात करा, आणि कुणी काही केलंच नाही, तर तो कोराच राहू द्या.