तुमच्या तिकडे शोभेल

रविवारी दुपारी मला इथे इटलीत दादाचा फोन आला. "तुझ्या भाच्याला जरा समजाव. तुझं ऐकतो तो."

भाचा हिंजवडीत नोकरी करतो. पहिली गाडी घ्यायची आहे आणि त्याने महिंद्राची बीई 6 ही इलेक्ट्रिक गाडी पसंत केली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईत ती पहिल्यांदा दाखवली, तेव्हापासून आमच्या निगडीच्या घरात दोन तट पडलेत. भाचा आणि वहिनी एकीकडे, दादा आणि त्याचे सकाळी फिरायला जाणारे मित्र दुसरीकडे. दादाच्या मते ही गाडीच नाही, कागदाची घडी आहे. जिकडे बघावं तिकडे कोपरा. पोरांना लागेल, खाचांत चिखल बसेल, टेस्लाच्या त्या सायबरट्रकची नक्कल आहे, पाच वर्षांत जुनाट दिसेल. इथवर मी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "तुमच्या तिकडे शोभेल असलं काहीतरी. आपल्याकडे नाही."

चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तुमच्या तिकडे म्हणजे कुठे, दादा? ही गाडी चाकणला बनते. घरून तळवड्यामार्गे निघालास तर ट्रॅफिक नसताना पाऊण तासात तिथे पोचशील. आरेखन महिंद्राचे डिझायनर प्रताप बोस यांच्या हाताखाली झालं आहे, आणि महिंद्राचे डिझाइन स्टुडिओ मुंबईत आहेत, इंग्लंडात बॅनबरीला आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा हिची आणि हिच्या मोठ्या बहिणीची, एक्सईव्ही 9ई ची, मिळून पहिल्याच दिवशी 30,179 गाड्यांची नोंदणी झाली. त्यातल्या 44 टक्के लोकांनी हीच कोपऱ्यांची गाडी मागितली. ती माणसं काय तूरिनची होती?

मी तूरिनला राहते त्याला चौदा वर्षं झाली. काम पत्र्याचं. गाड्यांची दारं, बॉनेट, फेंडर यांच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार द्यायचे साचे, तपासायच्या. तयार दार ट्यूबलाइटच्या बोगद्यात उभं करतात आणि मी त्यावर पडलेल्या उजेडाच्या रेघा बघत बसते. रेघ थरथरली की पत्रा कुठेतरी दबलाय असं समजायचं. गोल अंगाच्या गाडीत असली चूक खपून जाते, कारण उजेड तिथे आधीच वाकलेला असतो. सपाट पत्रा आणि एक कडक घडी असली की लपायला जागाच राहत नाही. घडी जरा जास्त ओढली तर पत्रा फाटतो, कमी ओढली तर ती मऊ पडते. त्यामुळे कोणी 'नुसते कोपरे काढलेत' म्हणालं की मला राग येतो. नुसते कोपरे निघत नसतात.

सायबरट्रकचं म्हणशील तर तो मलाही आवडत नाही. त्याचं स्टेनलेस स्टील इतकं कडक आहे की ते डायमध्ये दाबून आकार घेत नाही, म्हणून सरळ घडी घालतात. तिथे कोपरा धातूने ठरवला. बीई 6 च्या बॉनेटवरची घडी कोणीतरी कागदावर बसून ठरवली आहे. दोन्ही एका तागडीत टाकू नकोस.

इथेही भांडणं झालीच. याच शहरातले गाड्यांचे डिझायनर मार्चेल्लो गांदिनी यांनी बेर्तोने या डिझाइन कंपनीसाठी 1970 मध्ये 'स्ट्रातोस झीरो' ही गाडी काढली. उंची 84 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा जेमतेम चार-पाच बोटं जास्त. आत जायचं तर समोरची काच उचलायची. ती गाडी लांचा या गाड्यांच्या कंपनीच्या फाटकाच्या आडव्या दांड्याखालून, दांडा न उचलता आत नेली होती, असं इथले लोक अजून रंगवून सांगतात. तिच्याच पोटातून पुढे रॅलीची स्ट्रातोस आली आणि तिने 1974, 75 आणि 76 अशी लागोपाठ तीन वर्षं जागतिक विजेतेपद लांचाला मिळवून दिलं. आणि गांदिनींच्याच वयाचे दुसरे इटालियन डिझायनर जुजारो यांनी 1980 मध्ये फियाट पांडा काढली. काचासुद्धा सपाट, मागची सीट झोळीसारखी, सगळा सरळ रेषांचा ठोकळा. जीन्सच्या पँटीसारखी गाडी, असं ते स्वतः म्हणायचे. ती आजही इथल्या डोंगरातल्या गावांत चीज आणि लाकडं वाहते. आमच्या खालच्या बारमध्ये उभ्याने कॉफी पिणारा प्लंबर दाराच्या एका रेषेवर दहा मिनिटं बोलू शकतो. आपल्याकडे गाडीचं बोलणं मायलेजवर सुरू होतं आणि रीसेलवर संपतं. हे मला खटकतं आणि मी ते बोलून दाखवणार.

दादाचं दुसरं वाक्य होतं, "आपल्या डोळ्याला गोल बरं वाटतं." कुणाच्या डोळ्याला? वारलीतला माणूस दोन त्रिकोणांचा असतो. आणि सिन्नर आमचं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदेश्वराच्या आवारात आम्ही दोघं लपंडाव खेळायचो, ते मंदिराच्या भिंतीला इतके कोपरे आहेत म्हणूनच. सरळ भिंत अशी नाहीच, कोन, पुन्हा कोन, पुन्हा कोन. चार वाजता ऊन तिरपं झालं की प्रत्येक कोपऱ्याची एक बाजू काळी आणि एक सोनेरी व्हायची. तू माझ्यापेक्षा मोठा, तूच मला ते दाखवलंस. मी इथे बोगद्यात उजेड बघायला शिकले असं लोकांना वाटतं. मी ते सिन्नरला शिकले.

आणि टाटांची सिएरा विसरलास? 1991. बाबा टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये. मागच्या बाजूची ती मोठी काच छतावर वळलेली, आणि फक्त तीन दारं. कॉलनीतले लोक म्हणाले, मागच्या माणसांनी उतरायचं कसं, ही काय शववाहिका आहे का. बाबांनी आपल्याला फाटकाबाहेर नेऊन ती दाखवली होती. आपल्या घरात तेव्हा लुना होती. बाबा काही बोलले नाहीत, फक्त खिशातला रुमाल काढून हात पुसले, जणू ते तिला हात लावणार होते. लावला नाही. 2025 च्या नोव्हेंबरात नवी सिएरा आली, त्या काचेची आठवण ठेवूनच काढलेली, तेव्हा तूच मला तिचा फोटो पाठवून लिहिलंस, 'काय दिवस होते.' तेव्हा कॉलनीने नाक मुरडलेलं तुला आठवत नाही.

फोनवर शेवटी त्याने विचारलं, "एवढं आवडतं तर तू का नाही घेतलीस तसली गाडी?"

मी विषय बदलला. आता लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी इथे मला एक जुनी चौकोनी पांडा मिळत होती. फोर बाय फोर, गडद हिरवी, खालून थोडी गंजलेली. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, तिच्या सपाट काचेवर तळहात ठेवला. परवडत होती. आणि मी घेतली ती करडी, साबणाच्या वडीसारखी गोल हॅचबॅक, जी पार्किंगमध्ये मलाच सापडत नाही. पेर्मेस्सोच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, रांगेत पहाटेपासून उभं राहिलेल्या बाईला वळून बघितलं जाणं नको असतं. माझा चेहरा, माझं आडनाव, माझा उच्चार, सगळीकडे मी आधीच कोपऱ्यासारखी बाहेर येते. गाडी तरी गर्दीत मिसळणारी असावी. रस्त्यात कुणी थांबवू नये, कागद मागू नयेत. दुसऱ्यांच्या धीट गाड्यांचं कौतुक मी चौदा वर्षं खिडकीतून करते आहे.

म्हणून तुझा राग आला, दादा. तू निगडीत आहेस. दुकानदार तुला नावाने हाक मारतो, रिक्षावाला बाबांची चौकशी करायचा. तुझ्या पोराने भडक केशरी रंगाची, जगातली सगळ्यात विचित्र गाडी दारात उभी केली तरी कोणी विचारणार नाही, तुम्ही मूळचे कुठले. लोक हसतील, चार दिवस बोलतील, मग 'तुमची गाडी आली का सर्व्हिसिंगहून' म्हणून विचारतील. हे ज्याला सहज मिळालंय त्याने 'आपल्याला शोभत नाही' म्हणावं, आणि मला 'तुमच्या तिकडे' म्हणावं, हे मला सोसत नाही. माझं तिकडे म्हणजे अजून निगडीच आहे.

शनिवारी भाच्याबरोबर शोरूमला जा. दाराच्या खालच्या बाजूला, मागच्या चाकाकडे जाणारी जी कड आहे, तिच्यावरून बोट फिरव. इथे युरोपात गाडीच्या बाहेरच्या कडेची गोलाई अडीच मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. लांबून सुरीसारख्या दिसणाऱ्या कडांनाही हाताशी थोडी माया ठेवावी लागते. तिथे किती आहे ते बोटाने बघ, आणि मला फोन कर.